पुतण्या हॉलंडहून शाळेला पैसे देतो म्हणतोय, काय मागून घ्यावं?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पलीकडच्या एका लहान गावात राहते. आमच्या सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीची (शाळा विकास आणि देखरेख समितीची) यंदा मी अध्यक्ष आहे. शाळा पहिली ते पाचवी, पट एकोणतीस. कायमचे शिक्षक एकच. मुख्याध्यापक तेच, कारकून तेच, अक्षर दासोहच्या (दुपारच्या जेवणाच्या) तांदळाचा हिशेबही त्यांच्याच गळ्यात. जोडीला एक अतिथी शिक्षिका आहेत, बैलहोंगलकडच्या. त्यांच्या घरची भाषा कन्नड. मुलांकडून मराठी शिकत शिकत शिकवतात, आणि अगदी मन लावून शिकवतात.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा हॉलंडला आइंडहोव्हनमध्ये नोकरी करतो. याच शाळेत शिकलेला. त्यानं आणि त्याच्या ऑफिसातल्या पाच जणांनी (त्यातले दोघे तिकडचेच, डच) आमच्या शाळेसाठी पैसे काढलेत. सगळे मिळून साडेतीन लाख होतील म्हणाला. "काकी, काय पाहिजे ते तुम्हीच ठरवा, मी इथं बसून काय सांगू?" असं फोनवर बोलला, तेव्हापासून मला झोप नाही.

मीटिंग घेतली. थोरल्या मंडळींना कंपाउंड आणि कमान पाहिजे. पोरं स्मार्ट बोर्ड म्हणायलेत. मुख्याध्यापकांचं म्हणणं, मागच्या वर्गाची कौलं बदला, जून लागला की मुलांना एका कोपऱ्यात गोळा करून बसवावं लागतं. सगळ्यांचंच बरोबर वाटतंय.

पण माझ्या डोळ्यांपुढून ते लोखंडी कपाट हलत नाही. चार वर्षांपूर्वी बाहेरच्या एका संस्थेनं शाळेला बारा टॅब दिले. हार झाले, फोटो झाले, आम्ही बायकांनी शिरा केला. पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस लाइट नसते, चार्जिंग कुठनं होणार? आतले धडे सगळे इंग्रजी. वर्ष-दीड वर्षात बॅटऱ्या फुगल्या. नंतर त्या संस्थेचा माणूस परत फिरकला नाही. मागच्या महिन्यात खालचा खण उघडला तर खोक्यात पालीची अंडी होती.

आणि दुसरी गोष्ट. गवळीवाड्यातली एक मुलगी तिसरीत आहे. माझ्या शेजारी बसून वाचत होती. साधे शब्द बोट ठेवून वाचले. पुढं 'पक्षी' आला. 'पक... पक...' करून थांबली. मग पुस्तक जरा लांब धरलं, चित्राकडे बघितलं, आणि सगळी गोष्ट मला सांगून टाकली. एक शब्द चुकला नाही, पण सगळी आपल्या घरच्या बोलीत. म्हणजे ऐकून ऐकून पाठ झालीय, वाचता येत नाही. या पोरीसाठी साडेतीन लाखांचं काय करायचं, हा माझा खरा प्रश्न आहे.

अजून दोन शंका. असे परदेशातले पैसे घेता येतात का? आणि आमच्या शाळेची एक खोली जागतिक बँकेच्या पैशातली आहे असं सासरे सांगायचे. दारावर 'डीपीईपी' अशी पुसट अक्षरं अजून दिसतात. त्या वेळी एवढी मदत आली होती, तर तिचं काय झालं, कुणाला माहीत आहे का?

शहापूरचा_पोरगा

अक्का, स्मार्ट बोर्डच घ्या, पण इन्व्हर्टरसकट. माझा भाऊ शहरातल्या शाळेत त्याच्यावरच गणित शिकला, त्याला लय फायदा झाला. खेड्यातल्या मुलांनी मागं का राहायचं?

निपाणीचे_गुरुजी

ताई, तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं ते खरं आहे. मी ३३ वर्षं नोकरी केली. त्यातली सहा वर्षं सीआरपी (जवळपासच्या शाळांच्या गटाला, म्हणजे क्लस्टरला, मदत करणारा शिक्षक) होतो, ती नेमकी डीपीईपीचीच वर्षं. त्यामुळं जरा लांबण लागेल, पण वाचा.

१९९० साली थायलंडमध्ये जोमतिएनला जगभरच्या देशांनी 'सर्वांसाठी शिक्षण' हे ध्येय ठरवलं. तोवर आपला देश प्राथमिक शाळेसाठी बाहेरचा पैसा फारसा घेत नव्हता. पुढं १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, तोच डीपीईपी. जिथं बायकांची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी, ते जिल्हे आधी घेतले. कर्नाटकात पहिल्या टप्प्यात चार होते : बेळगाव, कोलार, मंड्या, रायचूर. खर्चाचे ८५ टक्के केंद्राकडून आणि १५ टक्के राज्याचे. केंद्राच्या वाट्यातला मोठा भाग बाहेरून आलेला, आपल्याकडे मुख्यतः जागतिक बँकेचा. मध्य प्रदेशाला युरोपीय महासंघानं अनुदान दिलं होतं. आपल्याकडं आलं ते मात्र कर्ज. ३५ वर्षांच्या मुदतीचं, पहिली १० वर्षं हप्ता नाही, व्याज नाही, थोडं सेवाशुल्क तेवढं. लोकांना वाटायचं गोऱ्यांनी दान केलंय. मी प्रत्येक गावसभेत उठून सांगायचो, ही खोली तुमच्या-माझ्या करातून फिटणार आहे, हिची खिडकी फुटली तर आपली फुटली. असं सांगितलं की लोक खोलीला जपायचे.

तुम्ही विचारलंय, मदतीचं काय झालं. खोल्या झाल्या. माझ्या क्लस्टरमध्ये दोन शाळा देवळाच्या ओवरीत भरत होत्या, त्यांना छप्पर मिळालं. पण त्या कार्यक्रमात एक शहाणपणाची अट होती, बांधकामावर ठरावीक टक्क्यांपलीकडं खर्च करायचा नाही. सुरुवातीला ती मर्यादा २४ टक्के होती. नसती तर सगळा पैसा सिमेंटात गेला असता. गावाला, कंत्राटदाराला, पुढाऱ्याला, सगळ्यांना भिंतच आवडते, कारण ती दिसते.

मला विचाराल तर त्यातली सगळ्यात मोठी मदत सगळ्यात लहान रकमेची होती. शाळेला वर्षाला २००० रुपये आणि प्रत्येक शिक्षकाला ५०० रुपये, शिकवण्याचं साहित्य करायला. पाचशे रुपये, पण शिक्षकाच्या स्वतःच्या हातात! तोवर खडूच्या पेटीसाठी सुद्धा आम्ही वर तोंड करून बसायचो. आमच्या भागात तंबाखू, घरोघरी आया विड्या वळणाऱ्या. आमच्या एका बाईंनी पुठ्ठ्याच्या छोट्या काड्या करून त्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे दोऱ्यानं बांधले. विडीचा कट्टा मोजायची सवय मुलांना घरूनच होती. ज्यांना सातचा पाढा येत नव्हता, ती पोरं पंचवीसचा खडाखडा म्हणायची, आणि तिथून बाईंनी त्यांना भागाकारावर नेलं. तिसरीची मुलं दुपारच्या सुट्टीत सुद्धा कट्टे सोडत-बांधत बसलेली मी बघितलीयत. हे कुठल्या दिल्लीच्या पुस्तकात नव्हतं.

आता बिघडलं ते. प्रशिक्षण वरून खाली यायचं. बंगळूरला शिकलेला धारवाडला सांगणार, तो बेळगावला, बेळगावचा तालुक्याला. शिक्षकापर्यंत पोचेतोवर ताकात पाणी घालून घालून नुसतं पाणीच उरायचं. आणि आम्ही सीआरपी. सुरुवातीला महिन्याच्या सभेत पाठ घेऊन दाखवायचो, एकमेकांचे वर्ग बघायचो. कार्यक्रम संपत आला तशी ती सभा फक्त तक्ते गोळा करायची झाली. पैसा थांबल्यावर काय चालू ठेवायचं, हे आधी कुणी ठरवलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

याच्या उलट नली-कली हे कार्डांवरून शिकवायचं काम बघा. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यात एच. डी. कोटे तालुक्यात युनिसेफच्या मदतीनं सुरू झालं. तिथले साधे सरकारी शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या खेड्यातल्या शाळा बघायला गेले, तिथं राहिले, आणि परत येऊन त्यांनी आपल्या मुलांसाठी स्वतः कार्डं केली. एका खोलीत तीन इयत्ता, प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर. पैसा गेला तो शिक्षकांच्या जाण्यायेण्यावर, बसून विचार करण्यावर, पुठ्ठ्यावर आणि छपाईवर. २००९-१० पासून राज्यभरच्या शाळांत ते आलं. राज्यभर पसरल्यावर किती ठिकाणी नुसती कार्डं टांगलेली राहिली तेही मी पाहिलंय, पण मूळ काम खरं होतं.

म्हणून माझा सल्ला. कौलं आधी बदला. मुख्याध्यापकांचं ऐका, भिजलेल्या पुस्तकातून कुणी वाचत नाही. पण तेवढ्यावर थांबा, कमान नको. उरलेला पैसा एका माणसावर लावा. गावातलीच बारावी झालेली मुलगी बघा, जिला मुलांच्या घरची बोली येते. रोज दोन तास, फक्त वाचन आणि अंक. महिन्याला सहा हजार धरले तर तीन वर्षांचे दोन लाख सोळा हजार होतात. आणि पैसे एकदम घेऊ नका, वर्षावर्षाला घ्या. चौथ्या वर्षी काय, हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला ठरावबहीत लिहा.

टिळकवाडीचा_हिशेबनीस

अक्का, पैसे घ्यायच्या आधी हे वाचा. मी ट्रस्टांचे हिशेब बघतो.

परदेशी देणगीला एफसीआरए हा कायदा लागतो, २०१० चा, २०२० मध्ये अजून कडक केलेला. परदेशी नागरिकाकडून किंवा परदेशी कंपनीकडून पैसे घ्यायचे तर संस्थेची गृह मंत्रालयाकडे नोंदणी पाहिजे, नाहीतर त्या एका देणगीपुरती आधी परवानगी. नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर किमान १५ लाख खर्च झालेले दाखवावे लागतात. पैसे उतरायचे ते फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. पूर्वी मोठी संस्था बाहेरून पैसे घेऊन खाली लहान संस्थांना वाटायची, ते २०२० नंतर बंद झालं. आपल्या भागातल्या लहान मंडळांचं काम त्यामुळं अवघड झालंय, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यांना दिल्लीच्या खात्याचा कागद कोण करून देणार?

पण तुमच्या पुतण्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, आणि तो स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेतून पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. इतर सहकारी भारतीय नागरिक असतील तर त्यांचंही तसंच, प्रत्येकानं आपल्या खात्यातून पाठवायचं. त्या दोन डच मित्रांचे पैसे मात्र घेऊ नका. त्यांचे पैसे पुतण्याच्या खात्यात घालून त्याच्या नावावर पाठवणं हेही चालणार नाही, हे त्याला नीट समजावून सांगा. मुख्याध्यापक सरकारी नोकर आहेत, त्यांच्या वैयक्तिक खात्यावर एक रुपया नको. एसडीएमसीच्या खात्यावर घ्या, ठराव करा, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला लेखी कळवा, पोच घ्या.

संकेश्वरकर_केनियात

मी अकरा वर्षं पश्चिम केनियात साखर कारखान्यात केमिस्ट आहे. तुमचा 'पक्षी' वाचला आणि राहवलं नाही.

इथं जवळ बुसिया म्हणून भाग आहे. १९९० च्या दशकात एका डच संस्थेनं इथल्या प्राथमिक शाळांना सरकारी क्रमिक पुस्तकं दिली. तोवर वर्गात चार-चार मुलांत एक पुस्तक, कधी तेही नाही. मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सोबतच्या अर्थशास्त्रज्ञांनी पुस्तकं मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली. सरासरी मुलाच्या मार्कांत फरक पडला नाही. फायदा झाला तो आधीच पुढं असलेल्या मुलांना. कारण? पुस्तकं इंग्रजीत. इथल्या मुलाची घरची बोली लुह्या नाहीतर तेसो, बाजारात स्वाहिली, आणि पुस्तकातली इंग्रजी त्याची तिसरी भाषा. क्रेमरना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळालं, ते अशाच कामासाठी. तुमच्या टॅबची गोष्ट तीच आहे अक्का. आपल्या खानापूरच्या जंगलातलं पोर घरी एक बोली बोलतं, वर्गात पुस्तकी मराठी, बाजूला कन्नड, आणि टॅबमध्ये इंग्रजी.

आमच्या कारखान्याच्या वॉचमनची मुलगी दुसरीत होती. तिला मी इंग्रजी पुस्तक वाचताना बघितलंय. 'द हेन' असं मोठ्यानं म्हणायची. हेन म्हणजे काय विचारलं तर गप्प. अंगणात सहा कोंबड्या फिरत होत्या.

ती शिकली कशी ते सांगतो. २०१५ पासून इथं 'तुसोमे' नावाचा कार्यक्रम देशभर राबवला. स्वाहिलीत त्याचा अर्थ 'वाचूया'. अमेरिका आणि ब्रिटनचा पैसा, पण राबवायचं सरकारी यंत्रणेनंच. पहिल्या इयत्तांना स्वाहिली आणि इंग्रजी, प्रत्येक मुलाला स्वतःचं पुस्तक. शिक्षकाला रोजच्या पाठाची मार्गदर्शिका. आणि गुरुजी, तुमच्या सीआरपीसारखाच इथं एक अधिकारी असतो, त्याला टॅब दिला, मुलांना नव्हे. त्यानं वर्गात बसून मुलांना वाचायला लावायचं, टिपून घ्यायचं, मग शिक्षकाशी बोलायचं. प्रवासाचा भत्ता प्रत्यक्ष गेलेल्या शाळांप्रमाणं. आमच्याकडचा अधिकारी धुळीनं लाल होऊन मोटरसायकलवर यायचा, त्याला मी कितीदा चहा पाजलाय. वॉचमनची मुलगी तिसरीत गेल्यावर बापाला स्वाहिली पेपर वाचून दाखवायला लागली.

बाहेरच्या पैशावर विसंबायचं नाही, हेही मी इथंच शिकलो. २००३ मध्ये केनियानं प्राथमिक शाळेची फी रद्द केली, दहा लाखांहून जास्त मुलं नव्यानं शाळेत आली. परदेशी मदत ओतली गेली. मग शिक्षण खात्यात पैशांचा घोटाळा निघाला आणि २०१० च्या सुमाराला ब्रिटन-अमेरिकेनं हात आखडता घेतला. २०२५ मध्ये तर अमेरिकेनं आपली यूएसएड ही संस्थाच गुंडाळली, ब्रिटननंही मदत कमी करायचं जाहीर केलं. घोटाळा करणारे कोण आणि पुस्तक गमावणारं पोर कोण! मला याचा फार राग येतो.

इयत्तेप्रमाणं नाही, तर वाचता येतं किती त्याप्रमाणं मुलांचे गट करून रोज थोडा वेळ शिकवायचं, ही 'प्रथम' या संस्थेनं आपल्याकडे बसवलेली पद्धत आता झांबियासारख्या देशात सरकारी शाळांत चालते. तुमच्या गावात एकोणतीस मुलांत तीन-चार गट पडतील. गुरुजींनी सांगितलेल्या मुलीला तेवढं शिकवा. ती मुलांशी बोलीत बोलेल, तिथूनच पुस्तकी मराठीवर आणेल.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण हे सगळं मी छापून घेऊन मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. अतिथी बाईंसाठी कन्नडमध्ये सांगत गेले. विडीच्या कट्ट्याचं ऐकून त्या म्हणाल्या, आपल्याकडं काजूच्या बिया आहेत की, त्याच्यावर करूया.

पुतण्याशी बोलले. पासपोर्ट भारतीयच आहे. डच मित्रांना त्यानं सांगितलं, ते जरा हिरमुसले. त्यांचा वाटा गेल्यावर दोन लाख साठ हजार राहतात. कौलांचा अंदाज एकेचाळीस हजारांचा आलाय, वासे दोनच बदलायचेत. गुरुजींचा हिशेब धरला तर अडीच लाखांच्या पुढं जातंय, पुस्तकांना थोडेच उरतील. जेवढे उरतील तेवढ्यांची आणू.

कमानीवरून थोडं वाजलं. आमच्या चुलत सासऱ्यांनी विचारलं, पोरानं एवढे पैसे दिले, गावाला कळणार कसं? मला तिथं पटकन उत्तर सुचलं नाही. मग मुख्याध्यापकांनी त्या गवळीवाड्यातल्या मुलीला बोलावलं आणि तिला सगळ्यांसमोर नाही, फक्त चुलत सासऱ्यांच्या शेजारी बसवून वाचायला दिलं. ते बराच वेळ तिच्याबरोबर बसले. नंतर कमानीचा विषय त्यांनी काढला नाही.

गावातली एक सून आहे, पीयूसी (बारावी) झालेली, माहेर गवळीवाड्याचंच. तिनं हो म्हटलंय. सासूची परवानगी मी काढते. गुरुजी, तिला सुरुवातीला चार दिवस कुणीतरी शेजारी बसून दाखवायला पाहिजे. तुमच्या ओळखीत या बाजूला कुणी जुने सीआरपी आहेत का, जे दोन-तीन मुक्काम करतील? राहायची-जेवायची सोय आमच्या घरी.

निपाणीचे_गुरुजी

दुसऱ्या कुणाला कशाला, मीच येतो. पाऊस जरा ओसरू दे, रस्ता खचलेला नसला म्हणजे झालं. तोवर प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून एक परिच्छेद वाचून घ्या आणि वहीत नावापुढं लिहून ठेवा : अक्षर, शब्द, वाक्य की गोष्ट. पुस्तकं घेऊ नका अजून, मुलं कुठं आहेत ते बघून घेऊ. पुठ्ठा मी निपाणीहून आणतो. काजूच्या बिया मात्र वाळवून ठेवा, ओल्या राहिल्या तर चिकानं मुलांचे हात भाजतील.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

वाळत घातल्यात गुरुजी. टॅबचा खण पण रिकामा केला.